‘झिंगाट’ : एका गीताचा बाजार व एका शब्दाचे टिकणे

गीताच्या व्यापारी यशाचा इतिहास लिहिणे हे साधारणतः अर्थशास्त्राच्या, फार तर संगीताच्या अभ्यासकाचे काम समजले जाते. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की एखादे गीत जेव्हा एका भाषेच्या बाजारातून दुसऱ्या भाषेच्या बाजारात जाते, तेव्हा विकत घेणारा त्यातील काय उचलतो आणि काय टाकून देतो, हे पाहण्यासारखे असते. चाल उचलली जाते, ठेका उचलला जातो; शब्द बहुधा टाकले जातात. क्वचित एखादा शब्द मात्र टाकता येत नाही. तो का टाकता येत नाही, याचा उलगडा विक्रीच्या आकड्यांवरून होत नाही. त्यासाठी त्या शब्दाच्या घडणीकडेच वळावे लागते. प्रस्तुत लेखात असा एक शब्द विचारासाठी घेतला आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अवघी चार गीते आहेत : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. संगीत अजय व अतुल गोगावले या बंधूंचे. सुमारे ४ कोटी रुपयांत तयार झालेल्या या चित्रपटाने १०० कोटींचा टप्पा ओलांडला, आणि तो ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याच वर्षी १ जानेवारीस आलेल्या ‘नटसम्राट’ने उत्पन्नाचा जो उच्चांक केला होता, तो चार महिन्यांतच मागे पडला. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे झाले, याचाही त्या वेळी पुष्कळ गवगवा झाला. परंतु लोकांनी डोक्यावर घेतले ते प्रामुख्याने वाद्यवृंदाच्या भव्यतेवर उभे असलेले गीत नव्हे, वरातीच्या ठेक्यावर चालणारे ‘झिंगाट’ होय. हे गीत लागताच प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचू लागल्याच्या वार्ता त्या महिन्यात वृत्तपत्रांतून येत होत्या.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. पाश्चात्त्य देशांत ज्यास ‘सिंगल’ म्हणतात, म्हणजे स्वतंत्रपणे विकले जाणारे सुटे गीत, त्याच्या खपाची मोजदाद करता येते. कारण ती एक वेगळी वस्तू असते. १९४९ साली आर. सी. ए. व्हिक्टर या कंपनीने मिनिटास ४५ फेरे घेणारी लहान तबकडी बाजारात आणली, आणि एका गीताचा व्यवहार हाच त्या व्यवसायाचा कणा झाला. आपल्याकडे गीत चित्रपटाच्या पाठीवर बसून येते. त्याची किंमत तिकिटात, वाहिनीच्या जाहिरातीत, वरातीच्या बिदागीत वाटली गेलेली असते. यास्तव ‘झिंगाट’ची विक्री किती झाली या प्रश्नास एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि कोणी दिल्यास त्यावर विसंबू नये. तथापि व्यापारी मूल्याचे एक माप आपल्या हाती आहे : दुसऱ्या भाषेतील निर्मात्याने पैसे मोजून काय घेतले. हे माप खपाच्या आकड्यापेक्षा आमच्या कामास अधिक उपयोगी पडते.

सुटे गीत आपल्याकडे अगदीच नव्हते असे नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले, तेव्हा भारतीय संगीताला तीन मिनिटांची चौकट पडली. गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. गाण्याच्या आतच विक्रीचे चिन्ह नोंदवून ठेवण्याची ही पद्धत पुढे लोपली. पण गीतातील एखादा ध्वनी हाच त्याचा शिक्का व्हावा, ही बाजाराची गरज लोपली नाही. १९८० च्या सुमारास स्वस्त ध्वनिफिती आल्या आणि मोठ्या कंपनीची मिरासदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील ध्वनिफितींच्या व्यवहारावरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात दाखविले आहे, की या स्वस्ताईमुळे प्रादेशिक भाषा व बोली यांतील गीतांना प्रथमच आपापली गिऱ्हाइके मिळाली. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचा आवाज खेड्यापाड्यांत पोहोचला तो याच वाटेने. एस. टी. स्थानकाबाहेरील टपरीवर विकली जाणारी ध्वनिफीत ही मराठी बोलीची पहिली मोठी बाजारपेठ होय, असे म्हणावयास हरकत नाही. नवशिक्षित वर्गाने तिची दखल घेतली नाही. त्यामुळे तिच्यावरील अभ्यासही तोकडा राहिला. पुढे २००२ साली अवधूत गुप्ते यांचे संगीत व वैशाली सामंत यांचा आवाज असलेले ‘ऐका दाजिबा’ हे चित्रपटबाह्य गीत गाजले. त्याचे नावच एक आज्ञार्थी क्रियापद आणि एक नातेवाचक संबोधन यांचे बनलेले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानी ठेवावी.

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे येऊ. इतिहासाच्या अभ्यासकास प्रयोगशाळेतल्यासारखी तुलना क्वचितच लाभते. येथे ती जवळजवळ लाभली आहे. २००६ च्या सुमारास केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’ या चित्रपटात ‘कोंबडी पळाली’ हे गीत होते. शब्द जितेंद्र जोशी यांचे, संगीत अजय-अतुल यांचे, आवाज आनंद शिंदे व वैशाली सामंत यांचे. गीत महाराष्ट्रभर वाजले. २६ जानेवारी २०१२ रोजी धर्मा प्रॉडक्शन्सचा ‘अग्निपथ’ आला. त्यात अजय-अतुल यांनी स्वतःचीच ही चाल पुन्हा योजिली, हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिले, आणि गीत ‘चिकनी चमेली’ झाले. मराठी गीताची ओळख सांगणारी कोंबडीही राहिली नाही व तिचे पळणेही राहिले नाही. सहा वर्षांनी, २० जुलै २०१८ रोजी, ‘सैराट’चे हिंदी रूपांतर ‘धडक’ प्रदर्शित झाले. निर्मितिसंस्था तीच, संगीतकार तेच, हिंदी गीतकारही तेच. ‘याड लागलं’ची चाल राहिली, पण गीताचे नाव ‘पहली बार’ झाले. ‘झिंगाट’ मात्र ‘झिंगाट’च राहिले. कडव्यांतील शब्द हिंदी झाले. ध्रुपदातील तो एक मराठी शब्द मात्र आपल्या जागी कायम राहिला.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते, की २०१६ पर्यंत भ्रमणध्वनी व आंतरजाल यांमुळे गीत अमराठी श्रोत्यांच्या कानी आधीच पोहोचले होते. शब्दाला नाव झाले होते, आणि नाव झालेली वस्तू कोणी टाकून देत नाही. हे खरे आहे, परंतु पुरेसे नाही. ‘याड लागलं’ही तितकेच पोहोचले होते. मग एक राहिले व दुसरे गेले, असे का व्हावे?

चारही गीतांची नावे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिली असता एक गोष्ट तत्काळ नजरेत भरते. ‘लागलं’, ‘बावरलं’, ‘झालं’ ही तीनही क्रियारूपे नपुंसकलिंगी एकवचनी आहेत, आणि तीही ग्रांथिक एकारान्त रूपे नसून बोलण्यातील अनुस्वारान्त रूपे आहेत. ‘लागलं’मागे वेड हे नपुंसकलिंगी नाम उभे आहे. ‘बावरलं’ व ‘झालं’ यांचा कर्ता तर शब्दाने सांगितलेलाही नाही. मनात काहीतरी घडले आहे, त्याला नाव नाही, एवढेच ते नपुंसकलिंग सुचविते. मराठीची ही एक मोठी सोय आहे. नाव नसलेल्या भावावस्थेला व्याकरणात जागा करून देण्याचे काम आपली भाषा या तिसऱ्या लिंगाकडून करून घेते. हिंदीत ते लिंग नाही. त्यामुळे ही रूपे जशीच्या तशी हिंदी वाक्यात बसविणे शक्य नव्हते, आणि अनुवाद केला की त्यांतील मोघमपणाचा गोडवा उडून जातो. ‘कोंबडी पळाली’ची अडचण आणखी वेगळी होती. तेथे स्त्रीलिंगी भूतकाळ हिंदीला परका नव्हता. पण कोंबडी हा शब्द हिंदी श्रोत्यास अर्थशून्य, आणि ‘पळाली’तील ळ हा वर्ण प्रमाण हिंदीच्या वर्णव्यवस्थेत नाही.

‘झिंगाट’ या सर्वांपासून निराळा आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. तो नाचला म्हणा, ती नाचली म्हणा, ते सगळे नाचले म्हणा, झिंगाट तसाच राहतो. शिवाय त्यातील एकही ध्वनी हिंदीला अपरिचित नाही.

या शब्दाची घडण थोड्या विस्ताराने पाहण्यासारखी आहे. मराठीत ‘-आट’ हा प्रत्यय दोन प्रकारे येतो. पहिला प्रकार ध्वन्यनुकारी द्विरुक्तीस लागणारा : कलकलाट, गडगडाट, किलबिलाट, थयथयाट, आणि दृश्याच्या बाबतीत लखलखाट, चकचकाट. ही सर्व पुल्लिंगी नामे असून ती विकार पावतात. कलकलाटाने, गडगडाटात अशी त्यांची रूपे होतात. दुसरा प्रकार विशेषणाचा वा क्रियाविशेषणाचा : सुसाट, भन्नाट, मोकाट, पिसाट, तर्राट. हे शब्द अविकारी आहेत, आणि या सर्वांत अर्थाचा एक समान धागा आहे. आवर सुटलेली गती, लगाम नसलेली अवस्था. सुसाट वारा, मोकाट गुरे, पिसाट मन. ‘झिंगाट’ याच कुळातला. झिंग या नामापासून निघालेला, मराठी कानास कोशात न पाहताही कळणारा. आणि ‘सैराट’ हाही याच कुळातला, ज्याच्या मुळाशी स्वैर हा शब्द असून ‘सैरावैरा’त त्याचाच अंश दिसतो. चित्रपटाचे नाव व त्यातील सर्वांत गाजलेल्या गीताचे नाव ही एकाच प्रत्ययाची लेकरे असावीत, हा निव्वळ योगायोग मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. (विद्यार्थ्यांनी मात्र ‘-आट’ने संपणारा प्रत्येक शब्द या कुळात ओढू नये. दाट, सपाट, अफाट यांची कुळकथा वेगळी आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असे ओढकाम दरवर्षी आढळते.)

हिंदीतील घबराहट, सरसराहट यांतील ‘-आहट’ हा आपल्या पहिल्या प्रकाराच्या नात्यातला दिसतो. परंतु आपल्या दुसऱ्या प्रकाराशी, अविकारी विशेषणांशी, तंतोतंत जुळणारे असे काही हिंदीत सहज सापडत नाही. म्हणजे हिंदी श्रोत्यास शब्दाचा तोंडवळा ओळखीचा वाटावा आणि तरी तो आपला नाही हेही कळावे, अशी ही स्थिती आहे. बाजाराला नेमके हेच हवे असते. त्यात शेवटचा ट. दीर्घ आकारानंतर येणारा हा अघोष मूर्धन्य स्पर्श ठेक्याची मात्रा जशी तोडून संपवितो, तसे ‘लागलं’मधील ओढलेले अनुस्वारान्त अक्षर संपवू शकत नाही; ते रेंगाळण्यासाठीच घडलेले आहे. एक शब्द नाचण्याचा, दुसरा आळवण्याचा. रोमी लिपीत ‘झिंगाट’ बहुधा ‘झेड’ या अक्षराने लिहिला जातो, ही महाराष्ट्राबाहेरच्यांस चकविणारी गोष्ट आहे. कारण इकारापूर्वी मराठी झ तालव्य उच्चारला जातो, आणि ‘झेड’ने सुचविला जाणारा दंततालव्य उच्चार ‘झाड’, ‘झोप’ यांतला आहे. पण मराठी माणूस झ साठी ‘झेड’ लिहिण्यास इतका सरावलेला आहे, की त्याला यात काही वावगे वाटत नाही.

अविकारी शब्दच भाषेची सीमा ओलांडतो, या निरीक्षणास एक दूरचा दाखला आहे. १९६४ च्या जानेवारीत बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाने आपली दोन गाजलेली गीते पॅरिस येथे जर्मन भाषेत पुन्हा ध्वनिमुद्रित केली. जर्मनीतील त्यांच्या वितरकांची अशी समजूत होती, की जर्मन शब्दांवाचून तबकडी तेथे खपणार नाही. ‘शी लव्हज् यू’ या गीताचे वाक्य रीतसर जर्मन झाले. कर्ता, क्रियापद, कर्म सर्व बदलले. बदलला नाही तो ध्रुपदातील होकारार्थी उद्गार. जर्मन भाषेत होकारासाठी स्वतःचा, त्याच वजनाचा शब्द असूनही इंग्रजीच ठेवला गेला. पुढे अनुभव असा आला, की इंग्रजी तबकड्या जर्मनीत तशाही खपत होत्या, आणि त्या वाद्यवृंदाने असा प्रयोग पुन्हा केला नाही. आपल्या उदाहरणाशी याचे साम्य उघड आहे, भेदही आहे. तेथे इंग्रजी ही चढती भाषा होती आणि तिला अनुवादाची गरज उरली नाही. मराठीची हिंदीपुढची स्थिती तशी नाही, म्हणून एका शब्दापलीकडे काही टिकले नाही.

या प्रतिपादनावर एक आक्षेप निश्चित येईल, व तो आधीच घेतलेला बरा. ‘सैराट’ हाही अविकारी आहे, त्याच प्रत्ययाचा आहे, ट हेच त्याचेही अंत्य व्यंजन आहे, आणि त्याचा बोलबाला ‘झिंगाट’हून कमी नव्हता. तरी हिंदी चित्रपटाने तो टाकून ‘धडक’ हे नाव घेतले. आक्षेप बिनतोड आहे. अविकारीपणा हा शब्द टिकण्यास आवश्यक असेल, पण पुरेसा नाही. प्रस्तुत लेखकास वाटते ते असे, की ‘झिंगाट’ हा अर्थ न कळताही ऐकता येतो, कारण त्यातील झिंग ध्वनीनेच काहीएक हेलकावा सुचविते. ‘सैराट’ला अर्थाची गरज आहे. स्वैराचा आणि समाजाने त्यास घातलेल्या बंधनाचा संबंध मनात नसेल, तर तो शब्द पोकळ वाजतो. ‘सैराट’च्या कथेतील जातीची जी भिंत आहे, तिच्यापाशी उभे राहूनच त्या शब्दाचा अर्थ लागतो. ‘धडक’ची कथा उदयपुरात नेली गेली, भिंतीचे स्वरूप बदलले, आणि शब्द सुटला. ठेका नेता आला. आशय व त्याचा शब्द दोन्ही करमाळ्याकडेच राहिले. कन्नड रूपांतर ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) याचा विचार येथे केलेला नाही. कन्नडमध्ये नपुंसकलिंग असल्याने तेथे वरील कसोटी लागू पडत नाही, वेगळी कसोटी लावावी लागते. उदगीर-बिदर पट्ट्यातील द्विभाषिक विद्यार्थ्यांस हा प्रबंधाचा चांगला विषय होईल.

आता आपल्या भागाविषयी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरास पोहोचली. दहा वाघिणी व सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्याआधी मार्च महिन्यातच पाणवठ्यांभोवती गर्दी जमू नये म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. त्यानंतर सतरा दिवसांनी ‘सैराट’ आला. त्या उन्हाळ्यातही लातूर व नांदेडकडे लग्ने झाली, वराती निघाल्या, आणि त्या वरातींत हे गीत वाजले. दुष्काळात लोक नाचले कसे, असे ज्यांना वाटते त्यांनी वरातीचे अर्थशास्त्र पाहिलेले नाही. वाद्यवाल्याची बिदागी पाणी नाही म्हणून टळत नाही. मुलीचा बाप ती कर्जातून देतो. गीताच्या व्यापारी यशाचा हाही एक भाग आहे आणि तो कोणत्याही निर्मात्याच्या हिशेबवहीत येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्या वर्षी वर्गात अभिमानाने सांगितले, की ‘आपली भाषा’ पडद्यावर आली. हे विधान तपासून घेतले पाहिजे. ‘सैराट’ची बोली करमाळा भागाची आहे. तो तालुका सोलापूर जिल्ह्यातला, मराठवाड्यातील परांडा तालुक्यास लागून असलेला. वेड या शब्दातील आद्य ‘वे’चा ‘ये’ व पुढे ‘या’ होणे, म्हणजे वेड, येड, याड हा क्रम, किंवा वेळ शब्दाचा येळ होणे, हे विशेष दोन्हीकडे सामायिक आहेत. येथवर विद्यार्थ्यांचे म्हणणे खरे. परंतु लातूर-नांदेडच्या बोलीची खरी खूण शब्दांत नसून क्रियापदाच्या अपूर्ण वर्तमानात आहे. ‘काय करूलालास?’, ‘कुठं जाऊलालास?’ ही रूपे पुण्याच्या वसतिगृहात उच्चारली की आजही हशा पिकतो, हे आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवले आहे. त्या चार गीतांपैकी एकाच्याही नावात वा ध्रुपदात हे रूप नाही. २०१४ साली ‘लय भारी’ आला. नायक लातूरचे रितेश देशमुख, संगीत अजय-अतुल यांचेच, नाव बोलीतले. तेथेही जो शब्द विकला गेला तो ‘लय’, जो कोल्हापुरापासून नांदेडपर्यंत कोणासही चालतो. बाजार बोलीतून शब्द घेतो. प्रत्यय घेत नाही. आणि बोली ही शब्दांनी नव्हे, प्रत्ययांनी बोली असते.

म्हणून या यशाचा अर्थ लावताना थोडा हात आखडता घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रमाण मराठीच्या दारात अडलेल्या ध्वनींना बाजाराने वाट दिली, हे निःसंशय. ‘याड’ हा शब्द मुद्रित अक्षरांत, फलकांवर, कोणत्याही अवतरणचिन्हावाचून झळकला. दोन पिढ्यांपूर्वी मुद्रितशोधकाने तो ‘वेड’ करून टाकला असता. ‘झिंगाट’ तर लवकरच वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सर्व प्रकारच्या नाचगाण्यांचे विशेषण झाला, आणि झी मराठी वाहिनीने या शब्दाच्या नावाने गाण्याच्या भेंड्यांचा एक कार्यक्रमही चालविला. परंतु शब्द जसजसा पसरला तसतसा त्याचा अर्थ पातळ झाला. झिंग चढलेल्या माणसाची अवस्था सांगणारा शब्द आता ‘जोरदार’ एवढाच अर्थ देतो. व्यापारात टिकलेल्या शब्दाला ही किंमत मोजावी लागते. ‘करूलालास’ला ती मोजावी लागलेली नाही, कारण त्याला अद्याप गिऱ्हाईकच आलेले नाही.

या विषयाची साधने वेगाने नाहीशी होत आहेत, ही बाब येथे नोंदविली पाहिजे. २०१६ च्या सुमारास तालुक्याच्या गावी बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत गीत पोहोचत असे ते भ्रमणध्वनीच्या दुकानातून. दुकानदार ठराविक पैसे घेऊन मेमरी कार्डात गीते भरून देत असे. कोणत्या गावी कोणत्या भाषेची गीते एकत्र भरून मागितली जात, त्यांना गिऱ्हाईक कोणत्या नावाने ओळखी, ‘झिंगाट’ म्हणून मागत की ‘सैराटचं नाचायचं गाणं’ म्हणून, याची माहिती त्या दुकानदारांच्या स्मरणात आहे. पुढे स्वस्त आंतरजाल आले आणि तो धंदा बसला. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या ठिकाणी असे दुकानदार अद्याप भेटतात. आता ते भ्रमणध्वनीच्या काचा बदलतात. पदव्युत्तर वर्गातील दोघा-तिघांनी येत्या उन्हाळी सुट्टीत त्यांच्या मुलाखती घेण्याचे योजिले असून प्रश्नावली विभागात उपलब्ध आहे.